दादाच्या पाटावरची बॅटरी

आमच्या घरात हिवाळ्याचा म्हणून एक आवाज होता. तो मी दुसऱ्या कुणाच्या घरात कधी ऐकला नाही. भांड्यात आधण ठेवल्यावर उकळी यायच्या आधी जे बारीक बुडबुडे धरतात, तसा तो यायचा. पण तो चुलीकडून नाही, माजघराच्या कोपऱ्यातून. अंधारलेल्या कोपऱ्यात कुणीतरी तोंडातल्या तोंडात बोलत बसलंय, असं नवख्या माणसाला वाटायचं. एकदा पाहुणी आलेली एक बाई पाणी प्यायला आत गेली आणि तांब्या तिथंच टाकून बाहेर आली. "घरात कोण आजारी हाय का ओ?" म्हणाली. आई म्हणाली, "न्हाय बाई, आमच्या सोपानची बॅटरी हाय." त्या बाईचा चेहरा मला अजून आठवतो.

आमची वस्ती भिगवणच्या अलीकडं, धरणाच्या पाण्याच्या काठाला. जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि आम्ही वर माळावर येऊन राहिलो. दिवाळीनंतर पाणी तुडुंब असायचं, अगदी गोठ्याच्या पलीकडं चाळीस पावलांवर. सकाळी पाण्यावरून धुकं सरकत यायचं आणि आधी गोठा, मग गोठ्याशेजारची पत्र्याची खोली, मग अंगणातली तुळस, असं एकेक गिळायचं. त्या पत्र्याच्या खोलीत दादाची मोटारसायकल उभी असायची, डोक्यावरून जुनं लुगडं पांघरून. धुक्यात ती गाडी वाटायचीच नाही. डोक्यावरून पदर घेऊन कुणी बाई भिंतीकडं तोंड करून उभी आहे असं वाटायचं. मी शेण काढायला जाताना तिकडं बघत नसे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ सोपान. आम्ही दोघंच भावंडं. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. दिवाळी झाली की तो लांब सीमेकडच्या एका साखर कारखान्यावर बॉयलरला जायचा, तो शिमग्याच्या आधी परत यायचा. तिथं खोल्या दाटीवाटीच्या, गाडी ठेवायला जागा नाही, म्हणून चार महिने गाडी घरीच. जायच्या आदल्या दिवशी तो गाडीची बॅटरी काढायचा. आताच्या गाड्यांच्या बॅटऱ्या बंद डब्यासारख्या असतात. माझा भाचा तर म्हणतो, "आत्या, बॅटरीत पाणी घालायचं असतं हे मला खोटंच वाटतं." तेव्हाची बॅटरी म्हणजे काळं चौकोनी खोकं, आत तीन घरं, प्रत्येक घराला वर एक बूच. त्या तिन्ही घरांतलं पाणी सांभाळायचं म्हणजे लहान मूल सांभाळल्यासारखं होतं, आणि ते काम दादानं माझ्यावर टाकलं होतं.

"शके, नीट ऐक," तो उकिडवा बसून सांगायचा. "हिला भुईवर ठिवायची न्हाय, लाकडावर ठिवायची. चुलीजवळ न्यायची न्हाय. पंधरा दिसांनी एकदा चार्जरला लावायची, तवा तिन्ही बुचं काढायची. आन् पाणी बघायचं. आतल्या प्लेटी बुडलेल्या असल्या पायजेत. प्लेटी उघड्या पडल्या की मेली."

"आन् पाणी आपल्या रांजणातलं घातलं तर?"

"तर मी आल्यावर तुला त्याच रांजणात घालीन. आपल्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला बघ कसा पांढरा थर धरतो. तसा थर हिच्या पोटात धरंल. ह्या बाटलीतलंच घालायचं." आणि तो डिस्टिल वॉटरची बाटली कोनाड्यात ठेवून द्यायचा. शेवटी दोन टोकांना बोटानं ग्रीस चोपडायचा आणि दोन वायरी लावलेला छोटा बल्ब माझ्या हातात द्यायचा. वायरी टोकांना टेकवल्या की बल्ब पांढरा लागला पाहिजे. पिवळा झाला तर चार्जिंगला लाव. लाल झाला तर माझं नाव घे आणि रड, असं म्हणून हसायचा.

लाकडावर ठेवायची म्हणून एका वर्षी आईनं ती दादाच्या पाटावर ठेवली. हा पाट म्हणजे तो ज्यावर जेवायला बसायचा तो. मी म्हटलं, "आई, दुसरी फळी आणते की." आई म्हणाली, "असू दे. तो न्हाय तवर पाट रिकामा दिसत न्हाय." झालं. पाट होता त्याच जागी, जेवायच्या ओळीत, तात्यांच्या शेजारी. तात्या म्हणजे आमचे वडील. ते जेवताना डाव्या हाताला ते काळं खोकं बसलेलं असायचं. तात्या पहिल्या दिवशी म्हणाले, "ह्याला भाकरी वाढा कुणीतरी." सगळे हसलो. आई हसली नाही.

मी बल्ब लावून बघायची ती दिवेलागणीला, कारण उजेडात बल्बाचा रंग कळत नसे. आमच्याकडं दिवा लागला की हात जोडायची सवय, हात आपोआप जुळतात. बल्ब लागला की आई हात जोडायची. आधी मला त्याचं काही वाटलं नाही. मग आई रोजच म्हणायला लागली, "शके, सोपानचा दिवा बघ." पंधरा दिवसांनी बघायचं ते रोजचं झालं. तिला वाटायचं, इथला उजेड पांढरा म्हणजे तिकडं तो ठीक. तसं ती कधी बोलली नाही, पण दादाचं खुशालीचं कार्ड चार दिवस उशिरा आलं तरी तिला काही वाटत नसे. बल्ब बघितला की ती निवांत भाकरी थापायला बसायची.

पौष लागला. हवेत असा गारठा की सकाळी रांजणातल्या पाण्यात बोट घातलं तर दात वाजायचे. माझी चुलती, तिला आम्ही काकू म्हणायचो, शेजारच्याच घरात राहायची आणि दिवसभर आमच्याकडंच असायची. एका दुपारी माझ्या लक्षात आलं, कोनाड्यातली बाटली रिकामी. काकूला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "ती व्हय? काल तुमच्या तात्यांकडं दोन माणसं आली, रांजणात पाणी नव्हतं, मी चहा टाकला तिचा. पन काय गं ते पाणी, चवच न्हाय त्याला. दोन बार पत्ती घातली."

आणि मी बूच काढून बघते तर पाणी खाली गेलेलं. रोजरोज बल्ब लावायचा म्हणून मी चार्जरही सारखा लावत होते आणि पाणी उडून जात होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. कवडशाच्या उजेडात तिन्ही घरांत प्लेटींच्या कडा दिसायला लागल्या होत्या, हिरडीतून दात दिसावेत तशा. प्लेटी उघड्या पडल्या की मेली. नवी बाटली मिळायची भिगवणला, तात्या तिकडं जाणार ते रविवारी, आणि त्या दिवशी होता बुधवार. मी पंधरा वर्षांची. एवढं एकच काम दादानं विश्वासानं माझ्यावर टाकलेलं.

मी घरातलं एकेक भांडं बघत सुटले. सगळ्यांच्या पोटात पांढरा थर. हंड्याला, कळशीला, अगदी देवाच्या पंचपात्रीलाही. एकच भांडं तसं नव्हतं. देवघराच्या वरच्या फळीवर तांब्याचा छोटा गंगेचा गडू होता. आजोबांनी काशीहून आणलेला. आजोबा गेले तेव्हा त्याचं तोंड फोडलं होतं आणि मग मेणानं बंद करून ठेवलं होतं. किती वर्षं झाली असतील, ना त्या पाण्याला वास, ना थर, ना किडा. मी स्टुलावर चढले, नखानं मेण काढलं, आत बघितलं. तळ लखलखीत. मला वाटलं, हेच पाणी. तिन्ही घरांत थोडं थोडं ओतलं, प्लेटी बुडाल्या. घरातल्या मेणबत्तीचं मेण ओतून गडू परत बंद केला. माझा जीव खाली पडला. त्या संध्याकाळी बल्ब पांढरा लागला आणि आईनं हात जोडले.

चौथ्या की पाचव्या दिवशी भोगी होती. घरात मिसळीच्या भाजीचा वास, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, लोण्याचा गोळा. सगळे जेवायला बसलो आणि पाटावरची बॅटरी बोलायला लागली. एरवी ती बुडबुडायची ती चार्जिंगला लावल्यावरच, पण आता चार्जरची वायर काढून मी स्वतः गुंडाळून ठेवलेली. बुचं घट्ट लावलेली. तरी आतून बुडबुड, बुडबुड. थांबायची, परत सुरू व्हायची, जशी एखाद्यानं दम घेऊन पुढची गोष्ट सांगावी. तात्यांचा घास हातात राहिला. "वायर चालू हाय का गं?" मी नाही म्हणून मान हलवली. आई उठली, एक ताट घेतलं, त्यात भाजी, भाकरी, लोणी वाढलं आणि पाटापुढं नेऊन ठेवलं. तात्यांनी तिच्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं खाली बघून जेवायला लागले. त्या दिवशी भाकरीचा थट्टेचा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

त्या दिवेलागणीला बल्ब पिवळा लागला. मी चार्जर लावला, रात्रभर लावला. दुसऱ्या दिवशी पांढरा, तिसऱ्या दिवशी परत पिवळा, आणि बडबड मात्र थांबायला तयार नाही. आणि दादाचं कार्ड नाही. एक पंधरवडा गेला, मग दुसरा सुरू झाला. आईनं जेवण कमी केलं. मी भाकरीचा चतकोर पुढं केला तर म्हणायची, "त्याचं बघ आधी, माझं राहू दे." दुपारी मी शेतातून आले की ती पाटाशेजारी आडवी झालेली असायची, कान त्या खोक्याला लावून. एकदा मी दारातच थांबले. ती हळूच म्हणत होती, "व्हय रे. हाय मी हितंच. बोल." आणि मग गप्प राहून ऐकत होती. दारातून मला नुसती बुडबुड ऐकू येत होती. तिला काय ऐकू येत होतं ते मी कधी विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी बल्ब लाल झाला. विझत आलेल्या विडीच्या टोकासारखा. आईचे हात जोडायला वर आले आणि तसेच खाली गेले. त्या दिवसापासून तिनं अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही, नुसती भिंतीकडं तोंड करून पडलेली, अंगावर जुनं लुगडं पांघरून. मला पत्र्याच्या खोलीतली मोटारसायकल आठवायची.

तात्यांनी कारखान्यावर पत्र टाकलं, उत्तर नाही. एका सकाळी मी अंगणात भांडी घासत होते. काकू तात्यांना हळू आवाजात म्हणाली, "भावजी, राग मानू नका. वैनींचं काय खरं दिसत न्हाय मला. गंगेचा गडू तेवढा खाली काढून ठिवा. ऐन वक्ताला फळीवर हात पुरत न्हाय कुणाचा."

माझ्या हातातली राख तशीच राहिली. गंगेचं पाणी कशाला असतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आजोबांच्या तोंडात ते घालताना मी बघितलं होतं. पण मी ओतलं तेव्हा ते माझ्यासाठी फक्त थर न धरणारं पाणी होतं. आता समजलं. दादाच्या पाटावर बसलेल्या, दादाचा दिवा लावणाऱ्या त्या खोक्याच्या तोंडात मी मरत्या माणसाच्या तोंडात घालायचं पाणी घातलं होतं. तिन्ही तोंडांत. आणि तेव्हापासून ते बोलत होतं.

काकूला मी एवढंच सांगितलं, "बॅटरी बिघडलीय, भिगवणला नेते, आईला कळू देऊ नको." काकू तोंडाळ, पण अशा वेळी तिच्यासारखं माणूस नाही. तिनं माजघर सारवायला घेतलं. "वैनी, पाट उचलून ठिवलाय बगा, भुई वली हाय," असं मोठ्यानं सांगितलं. मी पाटीत पोतं घातलं, त्यात बॅटरी ठेवली, वर पालेभाजी पसरली आणि धुक्यातून रस्त्याला आले. एसटीत पाटी मांडीवर घेऊन बसले. गाडी आदळत होती, खोकं माझ्या मांडीवर बुडबुडत होतं. शेजारची म्हातारी दोनदा पाटीकडं बघून सरकून बसली. "कोंबडी हाय का गं?" "व्हय," मी म्हटलं. उतरले तेव्हा परकराला तीन भोकं पडली होती आणि गुडघ्याच्या वर आग होत होती. ते तीन डाग आजही आहेत, तांदळाएवढे.

गफूरचाचांचं बॅटरीचं दुकान रेल्वे फाटकाजवळ, दादाची ओळख होती. त्यांनी बूच काढलं, काचेच्या नळीनं थोडं पाणी ओढून उजेडात धरलं, मग खोक्याला कान लावला. आईनं लावला होता तसाच.

"बोलतीय की ही. वायर न लावता बोलतीय?"

"व्हय."

"तांब्याच्या भांड्यातलं पाणी घातलंस का पोरी?"

मी मान खाली घातली. कुठलं भांडं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"तांबं उतरलंय पोटात. आता ही आपल्या आपण जळत बसणार, लावलेली असू दे न्हायतर नसू दे. आणखी चार दिस गेले असते तर संपली असती. ठिवून जा, परवा ये."

"परवा न्हाय चालत, चाचा. आजच पायजे. दिवे लागायच्या आत."

"बॅटरी हाय का भाकर हाय, लगीच भाजून द्यायला?"

मी रडायला लागले. शेवटी त्यांनी खोकं उचललं आणि दुकानामागं नेलं. तिथून उतार थेट पाण्यापर्यंत जायचा. त्यांनी बॅटरी हळूच आडवी केली. काळपट पाणी त्या पांढुरक्या मुरमावर पडलं आणि भुई फसफसायला लागली. फेस येऊन वर वर चढत होता, हलत होता, त्याचा बारीक आवाज येत होता. मी मागं सरले. चाचा म्हणाले, "भिऊ नको, मातीला ॲसिड लागलं की असंच होतं." मग त्यांनी तिन्ही घरं तीनतीनदा धुतली, नवं ॲसिड भरलं, मोठ्या मशिनीला लावली. मी त्या उतारावर बसून राहिले. फेस हळूहळू बसला आणि तिथं एक ओला डाग राहिला, माणूस उठून गेल्यावर अंथरुणात राहावा तसा.

शेवटच्या एसटीनं घरी पोचले तेव्हा दिवेलागण टळून चालली होती. काकूनं पाट जागेवर मांडून ठेवलेला. मी बॅटरी ठेवली आणि आईला हाक मारली. ती काकूच्या खांद्यावर भार टाकून आली. वायरी टेकवल्या. बल्ब असा लागला की भिंतीवर आमच्या तिघींच्या सावल्या उमटल्या. माजघरात आवाज नव्हता. आई किती वेळ ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "निजला वाटतं." आणि चुलीकडं जाऊन म्हणाली, "भूक लागलीय मला. काय हाय?" त्या रात्री तिनं दोन भाकरी खाल्ल्या, लसणाच्या चटणीबरोबर.

काही दिवसांनी कार्ड आलं, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. सोपानला ताप होता, शुद्ध नव्हती, आता उतरला आहे, काळजी नसावी. त्यावर तारीख होती. तात्या ती वाचायला लागले आणि मी शेण काढायचं निमित्त करून बाहेर गेले. कोणत्या दिवशी ताप आला, कोणत्या दिवशी उतरला, हे मी कधी जुळवून बघितलं नाही. आजही ते कार्ड कुठल्या ट्रंकेत सापडलं तर मी ते उलटं ठेवीन.

शिमग्याच्या आधी दादा आला. निम्मा झाला होता. आईनं चहा दिला तर त्यानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "ताप आल्यापासून असं झालंय," म्हणाला, "काय बी खा, काय बी पी, तोंडात तांब्याची चव. भाकरीला बी तीच." काकू म्हणाली, "पित्त असंल." तो माझ्याकडं बघत नव्हता. मग त्यानं पाटावरची बॅटरी उचलली, बूच काढलं, वास घेतला, परत लावलं. पत्र्याच्या खोलीत जाऊन लुगडं ओढून काढलं, बॅटरी बसवली आणि पहिल्या किकला गाडी सुरू झाली. माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "राखलीस की." बास. पुढं कधी त्या हिवाळ्याचा विषय आमच्यात निघाला नाही. तांब्याची चव गेली का, हे मी त्याला विचारायला हवं होतं. चाळीस वर्षांहून जास्त वेळ होता मला.

आई गेली, तात्या गेले. आई गेली तेव्हा मी सासरी होते, पोचेपर्यंत सगळं झालं होतं, तेव्हा गडू कुणी उघडला की नाही ते मला माहीत नाही. दादा मुलाकडं बारामतीला राहायला आला. गेल्या हिवाळ्यात मी त्याच्या उशाशी होते. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन त्याच्या पायांवर आलं होतं. डॉक्टर सांगून गेले होते. सुनेनं आतून काहीतरी आणून माझ्या हातात दिलं. "आत्या, तुमीच द्या. मोठ्या तुमी." तोच गडू. तोंडाला मेणबत्तीचं मेण, जसं मी ओतलं होतं तसंच, वाकडं, एका बाजूला माझ्या अंगठ्याचा ठसा.

मी मेण काढलं. चमच्यात दोन थेंब घेतले आणि त्याच्या ओठांशी नेले. दादानं ओठ मिटून घेतले. मला वाटलं, त्याला कळत नाही. परत चमचा नेला. त्यानं डोळे उघडले. माझ्याकडं सरळ बघितलं, त्या शिमग्याला बघितलं नव्हतं तसं.

"ते न्हाय," तो म्हणाला. "ते मला एकदा दिलंयस तू."

सून म्हणाली, "काय म्हणाले हो, आत्या?" मी म्हटलं, "साधं पाणी मागतोय." गफूरचाचांनी त्याला सांगितलं असेल का, असं मी नंतर पुष्कळदा मनाशी म्हटलं. पण चाचांना मी गडूचं नाव कुठं सांगितलं होतं? स्टीलच्या पेल्यातलं पाणी चमच्यानं दिलं. ते त्यानं घेतलं, सावकाश, चव बघत. "आता बरं हाय," म्हणाला. "कसलीच चव न्हाय ह्याला." ऊन पायांवरून छातीवर येईपर्यंत तो होता, मग नव्हता.

गडू माझ्या डाव्या हातात तसाच होता, उघड्या तोंडाचा. तो मी खिडकीत ठेवायला गेले तेव्हा आतून बारीक आवाज आला, आधणाला बुडबुडे धरतात तसा. माझ्या हातानं पाणी हललं असेल. मी गडू खाली ठेवला, हात बाजूला घेतला. तरी तो आवाज थांबायला बराच वेळ लागला.